बर्फाचा एकच भाव

निजामच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं उरली नव्हती. बावीस वर्षं बर्फाचे डबे ओढताना ती आधी निळी पडली, मग जाड झाली आणि एका वर्षी गळून गेली ती पुन्हा धड आलीच नाहीत. शमीम, त्याची बायको, म्हणायची, "तुमचो हात लागलो की माझ्या अंगात हींव भरता."

वेंगुर्ल्याच्या बंदरावर जाणाऱ्या रस्त्याला त्याच्या बापाने घातलेला हा बर्फाचा कारखाना. नाव मोठं, आत पत्र्याखाली मिठाच्या पाण्याची एक टाकी, तिच्यात बुडवलेले शंभर डबे, कोपऱ्यात अमोनियाचा जुना कंप्रेसर आणि दाराशी बर्फ फोडायचं क्रशर. उजाडलं की शमीम नळी धरून रिकामे डबे भरायची. निजाम आणि गडी शिवा साखळीने गोठलेला डबा वर ओढायचे, साध्या पाण्यात बुचकळायचे आणि फळीवर आडवा करायचे. पन्नास किलोची लादी घसरत बाहेर यायची. मग निजाम गंधकाची कांडी पेटवून पाइपाच्या सांध्यासांध्यांपाशी फिरवायचा. पांढरा धूर उठला की समजायचं, अमोनिया गळतोय. डोळे तर बाराही महिने चुरचुरायचे.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात उतरल्या, आणि विजेचं बिल असं आलं की निजामने ते दोनदा उलटून पाहिलं. त्याच आठवड्यात रमीझने चहाला बोलावलं.

रमीझ म्हणजे शमीमच्या मामाचा मुलगा. बंदराच्या दुसऱ्या टोकाला त्याचा नवा कारखाना, निजामच्या तिप्पट. तिसरा कारखाना विनीतचा, बाजाराच्या वरच्या अंगाला. वेंगुर्ल्यात बर्फ करणारे हे तिघेच. रमीझच्या पडवीत पंखा फिरत होता, नानकटाईची बशी मधे होती. विनीत आधीच येऊन बसला होता आणि निजामकडे न बघता चहा फुंकत होता.

"निजामभाय, तुमी लादी एकशेदहान देतास," रमीझ म्हणाला, "विनीत एकशेपाचान देता. मी उद्यापासून नव्वदान दिलंय तर तुमी दोघव गणपतीपर्यंत टिकूचे नाय. माझी मशीन मोठी आसा, माका परवाडता. पण माका तसा करूचा नाय. तुमी आमच्या घरातले. म्हणान सांगतंय, तिघांनी एकच भाव धरूया. एकशेसाठ."

"एकशेसाठ लोक देतले?" निजामने विचारलं.

"देतले नाय तर जातले खंय?"

"गोव्याचो बर्फ हाडतले. बांद्यावरसून टेम्पो भरून."

"हाडूनदेत. जो भायरचो बर्फ हाडीत, तेका आमच्या तिघांकडसून चुरो पण मिळाचो नाय. एक दिवस टेम्पो चुकलो की धावत येतलो."

विनीत म्हणाला, "माका चलात."

निजामने नानकटाई तोंडात घातली. ती त्याला काही गोड लागली नाही. पण घरी बिल पडलं होतं, मुलीच्या, तुबाच्या, कॉलेजचं वर्ष चालू होतं, आणि नव्वदाच्या भावाने आपण खरंच गणपतीपर्यंत टिकणार नाही हे त्यालाही कळत होतं. "बरा," तो म्हणाला.

रमीझने फोनवर एक ग्रुप उघडला. नाव ठेवलं 'बर्फ मंडळ'. मग तो हसून म्हणाला, "निजामभाय, तुमचा मराठी चांगला. शाळेत फळ्यार सुविचार तुमीच लिवायचे ना? चिटणीस तुमी. मी फोन करीन, तुमी लिवा."

निजामला तेव्हा बरं वाटलं होतं. पुढे बरेच दिवस त्याला याचीच जास्त लाज वाटायची, की आपल्याला तेव्हा बरं वाटलं होतं.

त्यानंतर रमीझचा फोन आला की निजाम ओले हात लुंगीला पुसायचा आणि दोन बोटांनी टाइप करायचा. 'उद्यापासून लादी १६०. कोणीही कमी देऊ नये.' 'खालील लोक बाहेरचा बर्फ आणतात, त्यांना देऊ नये.' खाली नावं. विनीत अंगठा दाखवायचा. रमीझने त्या ग्रुपवर कधी एक अक्षर लिहिलं नाही.

नावांच्या त्या यादीत एक दिवस सत्यवतीचं नाव आलं.

सत्यवती बंदरावरची गाबतीण. साठीला टेकलेली, काळी, काटक. लिलावात मासळी धरायची, बर्फात भरायची आणि सावंतवाडीच्या बाजाराला पाठवायची. तिच्या हाताखाली आणखी दहा-बारा बायका होत्या. निजामचा बाप होता तेव्हापासून ती याच दारात लादी न्यायला यायची. तुबाच्या वेळी शमीम अंगावरच्या दुधाला कमी पडली, तर हीच पाऊस अंगावर घेत मुडदुशा माशांची कढी घेऊन आली होती आणि चुलीपाशी बसून शमीमला ती प्यायला लावली होती.

भाव चढला तेव्हा ती निजामकडे आली होती. "रे निजाम, पंधरा दिसांत पन्नास रुपये? तुझ्या बापाशीन धा वर्सांत एवढो भाव वाडवूक नाय."

"काकी, वीज म्हाग झाली."

"वीज म्हाग झाली ती तिघांचीव एकाच दिसाक म्हाग झाली?"

निजाम साखळीकडे वळला. ती गेली आणि दुसऱ्या आठवड्यापासून तिने बायकांना धरून गोव्याचा बर्फ आणायला सुरुवात केली. तो टेम्पोने गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्यावरून यायचा. येईतो थोडा विरघळायचा, पण तरी स्वस्त पडायचा.

ऑक्टोबर लागला. वारा पडला. बंदरावरची वाळू अनवाणी पायाला सोसवेना. त्यात बांगड्याची लॉटरी लागली; होड्या काठोकाठ भरून येऊ लागल्या. अशाच एका दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला सत्यवती कारखान्याच्या दारात आली. डोक्यावर पदर नव्हता, कपाळावरून घाम वाहत होता.

"निजाम, चार लाद्यो दी रे बाबा. टेम्पो बांद्याक बंद पडलो. आठ क्रेट बांगडो उन्हात पडलो हा."

फळीवर सहा लाद्या भुशाखाली होत्या. भुसा एका अंगाने सरकला होता आणि लादीची निळी कड दिसत होती.

"काकी, आज नाय. सगळ्यो बुक आसत."

"ह्यो फळयेर आसत त्यो कोणाच्यो?"

"बुक आसत."

"कोणाच्यो, ता नाव सांग. मी तेच्या पाया पडान घेतंय."

शिवाने मान खाली घातली आणि तो उगाच साखळीला तेल देऊ लागला. आतून शमीम नळी हातात घेऊन दारापर्यंत आली, निजामकडे बघितलं आणि परत आत गेली. नळीचं पाणी डब्याबाहेर सांडत राहिलं.

क्रशरच्या तोंडाखाली सकाळचा चुरा पडला होता, चिखलात कालवलेला. सत्यवती खाली बसली आणि दोन्ही हातांनी तो ओच्यात भरू लागली. साठीची बाई निजामच्या पायांजवळ बसून चुरा गोळा करत होती आणि तो बघत उभा होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"सत्यवती थंय इली काय?" पलीकडे रमीझ होता.

"इली."

"काय देव नको हां. आज दिलास तर उद्या सगळी गोव्याचो बर्फ हाडतली."

"नाय दिलंय," निजाम म्हणाला.

सत्यवतीने ते ऐकलं. ती उठली, ओचा सोडला. चुरा जमिनीवर पडला. साडीला लागलेले चार कण तिने बोटांनी झाडले आणि ती चालू पडली.

दुपारी तीनपर्यंत बांगड्याचे डोळे लाल होऊन आत गेले. संध्याकाळी तो आठ क्रेट माल सत्यवतीने उभादांड्याच्या एका बागायतदाराला माडांच्या मुळात घालायला दिला. त्या वासाने दोन दिवस तिकडून कुणाला जाववत नव्हतं, असं शिवाने सांगितलं. बांगडा नासला त्या दिवशी निजाम जेवला नाही; शमीमने विचारलं तेव्हा पोट बरं नाही म्हणाला.

सत्यवती शिवीगाळ करत आली असती तर निजामला सोपं गेलं असतं. ती आलीच नाही. कुडाळच्या एका वकिलाकडून तिने अर्ज लिहून घेतला, खाली बारा बायकांच्या सह्या-अंगठे घेतले, आणि तो अर्ज दिल्लीला आयोगाकडे गेला. व्यापाऱ्यांनी संगनमत करून भाव ठरवू नये, म्हणून असा एक कायदा आहे आणि तो बघणारा एक आयोग आहे, हे वेंगुर्ल्यात तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. रमीझ तर हसला. "दिल्लीक काय काम नाय? वेंगुर्ल्याचो बर्फ बगूक येतले?"

एक पावसाळा गेला. दुसऱ्या वर्षीच्या मार्गशीर्षात जाड पाकिटातून नोटीस आली. इंग्रजी. पुढच्या आठवड्यात तुबा घरी आली तेव्हा निजामने ती तिच्यापुढे ठेवली. तुबा सावंतवाडीला कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने पायरीवर बसून सगळी पानं वाचली, मग फोनवर काहीतरी शोधत बसली.

"अब्बा, ह्यात तुमच्या उलाढालीच्या धा टक्क्यांपर्यंत दंड होव शकता. पण हयसर एक गोष्ट आसा. जो कोण पयलो जावन सगळा खरा सांगात, पुरावो दीत, तेका दंडात सगळी सूट पण गावता. दुसऱ्याक अर्धी. मागसून जातलो तेका त्याहून कमी."

"म्हंजे चुगली करूची?" शमीम म्हणाली. ती तांदूळ निवडत होती.

"चुगली नाय, अम्मी. कायदोच तसो आसा. तिघांमदलो एक फुटल्याशिवाय त्यांका कळात कसा?"

"रमीझाच्या बापाशीन माझा लगीन करून दिल्यान. माझो बाप नव्हतो तेवा. सोन्याची माळ तेनीच घातल्यान." शमीमने सूप खाली ठेवलं आणि निजामकडे पाहिलं. "तेचा नाव तुमच्या तोंडातसून येव नये. बाकी तुमका काय करूचा ता करा."

तुबा म्हणाली, "मगे अब्बा, निदान आज रमीझमामूक जावन इचारा. तिघांनी एकदम खरा सांगूया म्हणान."

हे निजामला पटलं. तो त्याच दुपारी गेला. रमीझ कारखान्याच्या ऑफिसात बसला होता. त्याने उठून निजामला मिठी मारली, खुर्ची दिली, थंड कोकम मागवलं. निजामने तुबाने सांगितलं ते सांगितलं. रमीझ शांतपणे ऐकत होता. मग त्याने निजामच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"निजामभाय, चेडवां शिकतत, बरा आसा. पण अशा पोरांचा ऐकान व्यापार होता काय? तिघांनी एकच बोलायचा. वीज म्हाग झाली, भाव वाडलो. काय झाला तर वकील माझो आसा. तुमका काय मी वाऱ्यार सोडतलंय?"

"विनीत काय म्हणता?"

"विनीत आमच्याच बरोबर."

निजाम उठला तेव्हा रमीझ त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला आला. शमीमसाठी त्याने अर्धा डझन नारळ दिले.

माघात आयोगाची माणसं आली, एक बाई आणि एक तरुण साहेब. बंदरावर हिंडली, सत्यवतीचा आणि बायकांचा जबाब घेतला. कारखान्यात येऊन टाकी बघितली, डबे मोजले. त्या बाईंनी क्रशरपाशी उभं राहून शिवाला विचारलं, "हे कसं चालतं?" शिवाने चालू करून दाखवलं. निजामचा फोन त्यांनी घेतला, त्यातलं सगळं आपल्या यंत्रात उतरवून घेतलं आणि सही घेऊन परत दिला. चौथ्या दिवशी त्याला कुडाळच्या विश्रामगृहात बोलावलं.

निजाम इस्त्रीचा शर्ट घालून गेला. बाईंनी पाणी दिलं. शपथ घेऊन झाली. मराठी त्यांची पुण्याकडची होती, हळू बोलत होत्या.

"तुम्ही तिघांनी मिळून बर्फाचा भाव ठरवला होता का?"

"नाही, मॅडम. विजेचा दर वाढला, म्हणून प्रत्येकाने आपापला वाढवला."

"हा ग्रुप तुमच्या फोनवर आहे. हे संदेश कोणी लिहिले?"

"मी."

"'कोणीही कमी देऊ नये.' हे कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं?"

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. शमीमचं तांदळाचं सूप डोळ्यांपुढे आलं, आणि रमीझचा गुडघ्यावरचा हात.

"माझ्याच," तो म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "निजामभाई, तुम्ही जे सांगाल ते लिहून घेणं माझं काम आहे. पण विचार करून सांगा. तुम्हाला कोणी सांगत होतं का?"

"नाही."

"नक्की?"

"नाही, मॅडम."

त्यांनी टाइप झालेला कागद पुढे सरकवला. निजामने प्रत्येक पानावर सही केली. त्याचं अक्षर खरोखरच चांगलं होतं. बाहेर आल्यावर त्याला वाटलं, आपण नात्याला जागलो. एसटीत बसल्यावर मात्र त्याला एवढंच आठवत राहिलं, की बाईंनी दोनदा विचारलं होतं.

पुढचा पावसाळा सरता सरता चौकशीचा अहवाल आला. रविवार होता. तुबाने तो पडवीत वाचायला घेतला आणि मधेच तेच पान पुन्हा वाचलं.

"काय झाला?" निजामने विचारलं.

"रमीझमामून जबाब दिलो हा. सगळो. भाव धरलो तो, भायरच्या बर्फाची बंदी, सगळा. म्हणता, ह्या सगळा तुमी जुळयलास. चिटणीस तुमी होतास, संदेश तुमचे. तेका नाइलाजान येवचा लागला."

"आणि विनीत?"

"दुसरो नंबर विनीताचो. पंदरा दिवसांनी."

"रमीझ कधी गेलो?"

तुबाने पान उलटलं. "अर्जाची तारीख आसा. पाच डिसेंबर."

निजामने मनात हिशोब केला. नोटीस आली ती तीन डिसेंबरला. तो रमीझकडे गेला, कोकम प्याला, ती बारा तारीख होती. शमीमच्या भाचीचं नाव ठेवलं तो दिवस, म्हणून पक्की लक्षात. म्हणजे त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा अर्ज जाऊन आठवडा झाला होता.

शमीम दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "मीच म्हटलंय," ती म्हणाली. "मीच तुमका तेचा नाव घेव नको म्हटलंय."

निजाम तिला या गोष्टीवरून कधीच काही बोलला नाही. पण शमीम ते नारळ आठवून आठवून रडली. त्यातल्या दोन नारळांचं खोबरं तिने सुकवून राखून ठेवलं होतं, ते तिने उचलून परसात फेकलं.

सुनावणी फोनच्या पडद्यावर झाली. निजामने वकील दिला नव्हता. पडद्यावर तीन गंभीर माणसं होती. निजाम उभा राहून बोलला. बस म्हटलं तरी उभाच राहिला. पहिल्यापासून सगळं सांगितलं. नानकटाईची बशी, नव्वदाची धमकी, फोन. त्यातल्या एकाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "हे तुम्ही शपथेवर जबाब दिला तेव्हा का नाही सांगितलंत?"

निजाम शब्द शोधत राहिला, तोवर पडद्यावर पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला.

निकाल लागला. तिघांनी मिळून भाव ठरवला हे सिद्ध झालं. पुन्हा असं करू नये असा हुकूम झाला. पहिला येऊन खरं सांगितलं म्हणून रमीझला दंड पूर्ण माफ. विनीतला अर्धा. निजामला दोन लाख ब्याण्णव हजार, पूर्ण. कायद्यात लिहिलं होतं तसंच सगळं झालं होतं, तुबाने पायरीवर बसून वाचलं होतं तसंच. बंदरावर बायकांनी पेढे वाटले. शिवाने आणलेला पेढा निजामने घेतला आणि खिशात ठेवला.

दंड भरायला कंप्रेसर विकावा लागला, मग डबे, मग टाकीचा पत्रा. टाकी रिकामी करायच्या दिवशी निजाम आणि शिवा दोघंच होते. मिठाचं पाणी गटारातून वाहत गेलं आणि गटारातली बेडकं पटापट बाहेर पडून रस्त्यावर बसली. शिवा हसायला लागला, मग झाडू घेऊन टाकीत उतरला. टाकीच्या तळाशी बापाच्या वेळचा साखळीचा एक आकडा गंजून पडला होता. भंगारवाल्याने तोही वजनात घेतला.

त्या संध्याकाळी निजाम सत्यवतीच्या घरी गेला. खळ्यात ती सुकत घातलेले बांगडे पालथे करत होती. बर्फाचा धंदा तिने बराच कमी केला होता. आता मीठ लावून सुकवायची. त्याला बघून ती उठली नाही, पण पाट सरकवून दिला.

"काकी, माझा चुकला," तो म्हणाला. घरून निघताना त्याने पुष्कळ काही जुळवलं होतं, त्यातलं एवढंच तोंडातून निघालं.

सत्यवतीने हातातला मासा उलटून ठेवला. "तुका दंड झालो, ता आयकान माका काय गोड नाय लागला रे. पेडे बायकांनी वाटल्यानी, मी खावक नाय. माका कोणाचो दंड नको होतो. माका त्या दिसाक चार लाद्यो व्हयो होत्यो."

"माका ठावक आसा."

"ठावक आसा तर बस. च्या घेतलंस?"

तिने चहा केला. त्याने तो प्याला. अंधार पडायच्या आधी तो उठला.

पुढच्या हंगामाला रमीझने विनीतचा कारखाना भाड्याने घेतला. आता बर्फ करणारा वेंगुर्ल्यात एकच माणूस उरला. कुणी चहाला बोलावलं नाही, कुणाला काही लिहावं लागलं नाही. लादी एकशेनव्वद झाली.

आणि रमीझने निजामला निरोप पाठवला, की ऑपरेटर पाहिजे. अमोनियावर हात बसलेला माणूस मिळत नाही. पगार बावीस हजार.

शमीम म्हणाली, "उपाशी मरूया, पण थंय जाव नका." पण उपाशी मरायला माणसाला तरणं असावं लागतं. निजामला दुसरं काही येत नव्हतं. सत्तेचाळीसाव्या वर्षी होडीवर कुणी घेत नाही, आणि तुबाची एम.कॉम.ची फी भरायची होती. पहिल्या दिवशी तो गेला तेव्हा रमीझ ऑफिसातून बाहेर आला. म्हणाला, "निजामभाय, मागचा इसरा. वकिलान सांगल्यान तसा मी केलंय." निजाम "होय" म्हणाला आणि कपडे बदलायला गेला. नवा कारखाना खरंच चांगला होता. साखळी ओढावी लागत नव्हती, बटण दाबलं की दहा डबे एकदम उचलले जायचे. निजामने मात्र सवयीने गंधकाची कांडी पेटवली आणि सांध्यासांध्यांपाशी फिरवली. कुठे धूर उठला नाही.

बांगड्याच्या मोसमात एक दिवस दुपारी गेटाबाहेर गलका ऐकू आला. निजाम टॉवेलने मान पुसत बाहेर आला. सत्यवती हातात कागद घेऊन एकेका बाईपाशी, एकेका होडीवाल्यापाशी जात होती. पुन्हा अर्ज चालला होता. एकाच माणसाने भाव धरला आणि बाहेरचा बर्फ घेणाऱ्याला नाही म्हटलं, तर कायदा त्याला काय म्हणतो, हे ती आता दिल्लीला विचारणार होती. बाया सही करत होत्या, ज्यांना येत नव्हती त्या शाईत अंगठा बुडवत होत्या. एक खलाशी म्हणाला, "काकी, परत दोन वर्सां लागतली." ती म्हणाली, "लागूनदेत. मी खंय जातंय?"

गेटपाशी येईतो तिची आणि निजामची नजरभेट झाली. निजामने नकळत हात टॉवेलला कोरडा केला.

सत्यवती त्याच्यापाशी थांबली. कागद तिने पुढे केला नाही. उलट नीट घडी घालून कमरेला खोचला.

"तुझी सय नको रे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "हयसर तुझी भाकरी आसा. चेडू शिकता. तू आपला काम कर."

"काकी..."

"नाय, नाय. जा तू. तो बगता थंयसून."

निजामने वळून पाहिलं. ऑफिसाच्या काचेमागे रमीझ खरोखरच उभा होता. परत तोंड फिरवलं तेव्हा सत्यवती पुढच्या होडीपाशी पोचली होती.

तिने कागद पुढे केला असता तर आपण सही केली असती की नाही, हे निजामला त्या क्षणी कळलं नाही. नंतरही कळलं नाही. एवढं मात्र कळलं, की तिने विचारायला हवं होतं असं आपल्याला वाटतंय, आणि असं वाटायचा हक्कही आता आपल्याला राहिलेला नाही. आतून शिवाची हाक आली. त्यालाही रमीझनेच ठेवून घेतलं होतं. डबे भरले होते. निजामने टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो आत गेला.